चवीची लाटी

गेले दोन महिने चंचळबेनला सकाळी डोळे उघडताच देव आठवत नव्हता, पाय आठवत होते. पांघरूण बाजूला सारायचं, घोट्यांकडे बघायचं आणि दिवसातली पहिली शिवी हासडायची, असा क्रमच होऊन गेला होता. शिवी कधी पायांना असायची, कधी नडियादच्या डॉक्टरणीला. पण बहुतेक वेळा ती पायथ्याशी बसलेल्या धाकट्या जावेला, रेवाला, मिळायची, कारण रेवा हाताशी होती.

"दाब," चंचळबेन म्हणायची.

रेवा नडगीवर अंगठा रोवून धरायची आणि मग उचलायची. तिथे खळगा पडायचा. तो भरून येईपर्यंत रेवा मनात आकडे मोजत बसायची.

"किती?"

"बावीस."

"काल अठरा होते."

"काल अठरा होते, आज बावीस आहेत. मी काय करू, भाभी? अंगठा माझा, पण पाय तुमचा आहे."

पापडांचं गाव असलेल्या उत्तरसंड्यात चाळीस वर्षं उडदाचं पीठ मळलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. पापडाच्या चांगल्या उंड्यात बोट खुपसलं की उंडा उसळून वर येतो. जो येत नाही त्यात पाणी जास्त झालेलं असतं. आपले पाय बिघडलेल्या उंड्यासारखे झालेत, हे तिला रोज सकाळी दिसत होतं, आणि उंडा बिघडला म्हणजे तो कुणीतरी बिघडवलेला असतो, हे तिच्या अंगणातलं शास्त्र होतं. चूक आपली असेल, ही शक्यता तिच्या हिशेबात नव्हती. तशी ती कधीच नसायची.

मुळात दुखणं पायांचं नव्हतंच. श्रावणात एके सकाळी तिचे हात वर जाईनात. केस विंचरता येईनात, पोलक्यात हात जाईना, पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत नेता येईना. दोन्ही मुलं इंग्लंडात, लेस्टरला, नवरा आणि दीर दोघंही केव्हाच वर गेलेले. घरात उरली ती रेवा. तेव्हा सहासष्ट वर्षांच्या चंचळबेनची वेणी रेवानं घातली आणि घास रेवानं भरवले. त्या घासांनी चंचळबेनचं पोट भरलं असेल, पण जीव जळून गेला. जिला आयुष्यभर तुकड्यासारखं बाजूला टाकलं, तिच्याच हातचा तुकडा तोंडात घ्यायचा!

नडियादच्या डॉक्टर मेकवान बाईंनी रक्त तपासलं, खांद्यांचा आणि मांड्यांचा दाह आहे म्हणाल्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी हात वर गेले. चौथ्या दिवशी चंचळबेननं स्वतः मुसळ उचलून उंडा कुटला आणि अंगणातल्या अकरा बायकांकडे असं बघितलं, की त्यांनी माना खाली घातल्या. गोळीनं हात परत दिले होते. मग महिन्याभरात तिनं त्याची भरपाई मागायला सुरुवात केली. चेहरा पुरीसारखा फुगला, तोंडात सारखी पत्र्याची चव राहू लागली आणि घोटे कुठे संपतात आणि पोटऱ्या कुठे सुरू होतात ते कळेनासं झालं.

"गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, बा," सूज दाखवायला गेल्यावर डॉक्टरबेन म्हणाल्या होत्या. "एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. या गोळीवर अंग मीठ आणि पाणी धरून ठेवतं. म्हणून मीठ बंद. दुपारी तासभर आडवं होऊन पाय उशांवर, छातीपेक्षा वर. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घट्ट मोजे. मांडी घालून बसायचं नाही, खुर्चीतून पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या. सूज अशीच राहिली, तर गोळी मला आत्ताच कमी करावी लागेल."

"मग हात?"

"हातांचं तेव्हा बघू."

तेव्हा म्हणजे ऐन दिवाळीत. पापड, मठिया, चोराफळी, वर्षाचं सगळं काम त्या तीन आठवड्यांत. हात गेले म्हणजे मुसळ गेलं आणि मुसळ गेलं म्हणजे उंड्याशेजारची जागा गेली. ती जागा कुणाला मिळणार, हे चंचळबेनला ठाऊक होतं. रेवाला. तिथे रेवा बसलेली बघण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती पापड लाटणाऱ्या बायकांतल्या कपिलाला म्हणाली होती, आणि कपिलानं ते त्याच दिवशी रेवाला पोचतं केलं होतं.

आता ती जागा काय होती ते सांगायला हवं. चंचळबेनच्या अंगणात मीठ आणि पापडखार यांचं पाणी ती एकटी, आतल्या खोलीत, कडी लावून करायची. प्रमाण कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पाण्यात पीठ भिजायचं, हिंग-मिरी पडायची, तेलाचा हात लावून उंडा कुटला जायचा. मग पहिली लाटी, चांगली लिंबाएवढी, तेलात बुडवून चंचळबेनच्या तळहातावर. ती चघळून तिनं गिळली की उंडा पास. दोरा फिरायचा, लाट्या पडायच्या, अकरा पोळपाटांवर लाटणी खडखडू लागायची. आणि तिनं लाटी थुंकली, की उंडा बाद. कितीही मोठा असो, सगळा घरच्या म्हशीच्या टोपलीत. थुंकलेल्या उंड्याचा पापड लाटायला कुणी बाई पोळपाट पुढे ओढत नसे. सणाचा पापड, अपशकुन कोण अंगावर घेणार?

चाळीस वर्षांत असे उंडे बोटांवर मोजण्याइतकेच थुंकले गेले. त्यातला एक रेवाचा. बावीस वर्षांपूर्वी चंचळबेन भाचीच्या लग्नाला आणंदला गेली होती. तिचा मुक्काम लांबला, पीठ पडून होतं, म्हणून रेवानं अंदाजानं पाणी केलं आणि उंडा कुटला. चंचळबेन परतली ती थेट अंगणात. लाटी तोंडात टाकली, दोनदा चावली आणि बायकांसमोर पचकन थुंकली. "समुद्र आणलास का गं माहेराहून?" एवढंच म्हणाली. रेवानं तो उंडा स्वतःच्या हातानं म्हशीला घातला. त्यानंतर तिनं बावीस वर्षं नुसतं लाटलं. पापड तिचाच सर्वांत पातळ व्हायचा, पण चवीबद्दल तिनं कधी तोंड उघडलं नाही.

आता मीठ बंद झाल्यावर चंचळबेनचं जेवण रेवा वेगळं शिजवू लागली. अळणी खिचडी, अळणी शाक, साधं ताक. अंगणातल्या बायकांना आयतं खाद्य मिळालं.

"बा, या वयात मोळाकत धरलंत होय?" कपिला म्हणाली. आषाढात मुली चांगला नवरा मिळावा म्हणून पाच दिवस अळणी खातात, ते हे व्रत. "कुणावर डोळा आहे म्हणायचा?"

"तुझ्या सासऱ्यावर," चंचळबेन म्हणाली. "आधी त्याला दात बसवून आण."

बायका खिदळल्या. चंचळबेनला मात्र हसू आलं नाही. तेवढ्यात रेवानं दुसऱ्या उंड्याची लाटी तेलात बुडवून आणली होती. ती तळहातावर ठेवता ठेवता ती खालच्या आवाजात म्हणाली, "भाभी, एक सांगू? ही लाटी आहे ना..."

"काय आहे लाटीला?"

"नाही, म्हणजे, डॉक्टरबेन म्हणाल्या ना, की मीठ..."

"आलं का पोटातलं ओठावर?" चंचळबेनचा आवाज अंगणभर गेला. "लाटीवर डोळा आहेच तुझा. माझे पाय सुजले, आता जीभही सुजली म्हण आणि बस इथं मांडी ठोकून. ही खायची लाटी नाही, रेवा. ही कामाची लाटी आहे. तुला बावीस वर्षांत त्यातला फरक कळला नाही, म्हणून तू लाटतेस आणि मी चाखते."

तिनं लाटी तोंडात टाकली, चघळली आणि गिळली. दोरा फिरला. रेवा पोळपाटाशी जाऊन बसली आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

पाय उतरेनात. रोज पहाटे पलंगावरच मोज्यांची लढाई व्हायची. लेस्टरहून मोठ्या सुनेनं पाठवलेले, कातडीच्या रंगाचे, इतके घट्ट मोजे की रेवा दोन्ही हातांनी ओढत राहायची आणि चंचळबेन विव्हळत तिला बोलत राहायची. "सालं काढतेस का चढवतेस? बोटं मोडतील माझी!" मोजे चढले की रेवाच्या कपाळावर घाम असायचा आणि चंचळबेनच्या तोंडात नवी शिवी. दुपारी ती चार उशांवर पाय टाकून छताकडे बघत पडायची आणि बाहेरचा लाटण्यांचा खडखडाट मोजत राहायची. एखादं लाटणं थांबलं तरी तिला कळायचं. "कपिला, बसलीस का गं उवा मारत?" ती आतूनच ओरडायची. म्हणजे नियम सगळे पाळून चालले होते. आणि सकाळी अंगठ्याचा खळगा पंचविसावर गेला होता.

कपिलाला आगीत तेल ओतायला कारण लागत नसे. "बा, तुम्ही एवढं अळणी खाता," ती एकदा म्हणाली, "मग मीठ जातं कुठून पोटात? मी काही म्हणत नाही हं. हात आहे, स्वयंपाकात घसरतो कुणाचाही."

"घसरतो की घसरवतात?"

"मी कशाला बोलू? बाकी एक आहे, हल्ली लाटीनं तहान फार लागते. काल मी दोन तांबे पाणी प्यायले."

"तुला फुकटच्या लाट्या गिळून तहान लागते," चंचळबेन म्हणाली, आणि तहानेची गोष्ट तिथंच संपली. घसरलेल्या हाताची गोष्ट मात्र तिच्या डोक्यात घर करून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उचलली, आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. रेवानं बघितलं. त्या दिवसापासून घरात दोघींचंही जेवण अळणी झालं. रेवा खाली मान घालून ती बेचव खिचडी खायची, ताट घासायची आणि कामाला लागायची. चार दिवस, पाच दिवस. तिनं एकदाही बरणी मागितली नाही, आणि चंचळबेनला हेच संशयाचं वाटलं. निर्दोष बाई भांडली असती. आपण तरी भांडलो असतो.

सहाव्या सकाळी खळगा तिसावर गेला. चंचळबेननं ते तीस आकडे स्वतः मोठ्यानं मोजले. मग काठी घेतली, मोजे न घालताच अंगणात आली आणि अकरा बायकांसमोर उभी राहिली.

"ऐका सगळ्यांनी. मिठाची बरणी माझ्या कपाटात आहे. तरी माझे पाय सुजतायत. म्हणजे ही बाई अंगणातल्या पोत्यातलं मीठ चोरून माझ्या अन्नात घालते. मला मारून हिला इथं बसायचंय, या पाटावर!"

लाटणी थांबली. रेवा उठली, हातांचं पीठ झटकलं.

"भाभी, परत एकदा म्हणा."

"शंभरदा म्हणेन. विष घालायची हिंमत नाही, म्हणून मीठ घालतेस."

"ठीक आहे," रेवा म्हणाली. "आज तुमची डॉक्टरबेनकडे जायची तारीख आहे. तिथपर्यंत मी येते, कारण तुम्हाला एकटीला रिक्षात चढता येत नाही. उद्या सकाळी मी आणंदला, लेकीकडे. मग मीठ कोण घालतं ते बघा."

"येच तू. डॉक्टरबेनसमोरच तुला कबूल करायला लावते."

नडियादपर्यंत रिक्षात दोघी दोन टोकांना बसल्या. मध्ये चंचळबेनचे पाय, खोक्यावर ठेवलेले.

डॉक्टर मेकवान बाईंनी घोटा दाबला, खळगा बघितला, वजन बघितलं. तीन किलो वाढलं होतं. "बा, मीठ चालूच आहे तुमचं."

"बघ!" चंचळबेन रेवाकडे वळली. "मी नाही, डॉक्टरबेन म्हणतायत!"

"सकाळपासून काय काय तोंडात जातं ते सगळं सांगा. पाणीसुद्धा."

चंचळबेननं धडाधड सांगितलं. चहा, अळणी भाखरी, अळणी खिचडी, ताक. लोणचं नाही, फरसाण नाही. आणि भाजलेला पापड? "शपथ घेऊन सांगते, मीठ बंद झाल्यापासून पापडाचा तुकडा तोंडात घातला नाही. घरात डोंगर रचलाय पापडांचा, पण एक तुकडा नाही!"

डॉक्टरबेन लिहिता लिहिता थांबल्या. "तुमचा पापडाचा व्यवसाय. मग मीठ बरोबर पडलं की नाही, हे कळतं कसं?"

"कसं म्हणजे? जिभेनं."

"कुणाच्या?"

"माझ्या!" चंचळबेन ताठ झाली. "चाळीस वर्षं माझ्याच."

"म्हणजे कच्चं पीठ खाता?"

"खात नाही, चाखते. प्रत्येक उंड्याची एक लाटी."

"केवढी?"

चंचळबेननं बोटांनी दाखवलं. लिंबाएवढी.

"आणि दिवसाला उंडे किती?"

"एरवी सहा. आता दिवाळीचे चौदा."

"किलोला मीठ किती घालता?"

चंचळबेननं तिरक्या नजरेनं रेवाकडे बघितलं. "ते मी हिच्यासमोर सांगणार नाही. हिला बाहेर पाठवा."

"किलोला पस्तीस ग्रॅम मीठ," रेवा भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि तीस ग्रॅम खार. पावसाळ्यात खार दोन ग्रॅम जास्त."

चंचळबेनचं तोंड उघडंच राहिलं. कडी लावलेल्या खोलीतली गोष्ट ही बाई भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"जिभेनं," रेवा म्हणाली.

डॉक्टरबेननं कागदावर गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं. "बा, मीठ आणि खार धरून रोज दीड चमचा. मी धडधाकट बाई आहे, मीसुद्धा एवढं खात नाही."

"खार म्हणजे मीठ नव्हे!"

"शरीराला दोन्ही सारखेच. दोन्ही पाणी धरतात. तुमच्या अन्नात कुणी मीठ घातलेलं नाही. तुम्हीच रोज चौदा वेळा घालताय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण चंचळबेननं आयुष्यात हजार जणांना ऐकवली असेल. स्वतःला ऐकवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. खुर्चीतून उठून जावं असं तिला वाटलं, पण तेवढ्या झटक्यात उठायला पायच नव्हते.

"यात एवढं काय?" डॉक्टरबेन म्हणाल्या. "आठ दिवस लाटी बंद करा, सूज उतरेल, गोळी आहे तशी ठेवता येईल. आणि चाखायचीच असेल, तर चाखा आणि थुंकून टाका. चूळ भरा. झालं."

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. त्या दिवसातलं ते पहिलं बघणं. चाखून थुंकायचं म्हणजे काय, हे डॉक्टरबेनना कुठून माहीत असणार?

परतताना अर्ध्या वाटेवर चंचळबेन म्हणाली, "तुला माहीत होतं."

"मीठ बंद झालं त्याच्या चौथ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? मला सुजत ठेवलंस!"

"बोलायला आले होते, भाभी. तुम्ही काय म्हणालात ते अकरा बायकांनी ऐकलंय." रेवा बाहेर बघत होती. "नंतर मला वाटलं, सुजू दे. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी आकडे वाढायचे आणि मला बरं वाटायचं."

चंचळबेननं खोक्यावरचे पाय आपल्या बाजूला ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पहिला उंडा कुटून तयार झाला. मीठ-खाराचं पाणी चंचळबेननंच केलं होतं, कडी लावून, जणू अजून काही लपवायचं शिल्लक होतं. ती मोजे चढवून खुर्चीत बसली होती, पाय समोरच्या उलट्या डब्यावर. मोजे तिनं एकटीनं चढवले होते आणि त्याला पाऊण तास लागला होता. ओसरीवर रेवाची पिशवी भरून ठेवलेली. फाटकाशी आणंदची रिक्षा घरघरत होती.

कपिलानं लाटी तेलात बुडवली आणि सवयीनं चंचळबेनच्या तळहातावर ठेवली.

चंचळबेन लाटीकडे बघत राहिली. गिळली, तर पाय गेले, मग गोळी गेली, मग हात गेले. थुंकली, तर उंडा गेला, आणि रोज चौदा उंडे म्हशीला घालणारं अंगण आठ दिवसांत बंद झालं असतं. पापड तर लाटायलाच हवे होते. बायका लाटणी धरून बसल्या होत्या. रिक्षाची घरघर फार मोठी वाटत होती.

"रेवा," ती शेवटी म्हणाली. "इकडे ये."

रेवा पिशवी खांद्याला लावूनच आली.

"चाख," चंचळबेननं हात पुढे केला. विनंती करायची तिच्या जिभेला सवय नव्हती, त्यामुळे तो हुकूमच वाटला.

रेवानं लाटीला हात लावला नाही. "आधी एक सांगा, भाभी. बावीस वर्षांपूर्वीचा माझा उंडा खारट होता का?"

"आता त्याचं काय?"

"त्याचंच आहे. सगळ्यांसमोर थुंकलात, सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर रिक्षा उभीच आहे."

चंचळबेनच्या फुगलेल्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते कुणाला कळलं नाही. तिला तो उंडा चांगला आठवत होता. लाटी तोंडात टाकताच तिला कळलं होतं. चोविशीतली पोर, अंदाजानं केलेलं पाणी, आणि मीठ-खार असे बसलेले, की आपल्याला अठरा वर्षांत एकदाही तसे जमले नव्हते. म्हणून तर इतक्या घाईनं थुंकली.

"नव्हता," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"खारट नव्हता! बरोबर होता. माझ्यापेक्षा बरोबर होता. झालं समाधान?"

एका बाईच्या हातातलं लाटणं निसटून खाली पडलं. रेवाचे डोळे भरून आले होते. तिनं पिशवी खाली ठेवली आणि चंचळबेनच्या तळहातावरची लाटी उचलून तोंडात टाकली. सावकाश चावली, एकदा, दोनदा, तीनदा. मग मान वळवली आणि अंगणाच्या कडेला पचकन थुंकली.

"खारट आहे," ती म्हणाली.

एवढा मोठा उंडा, चंचळबेनच्या हातच्या पाण्याचा! कपिला आ वासून आधी रेवाकडे आणि मग खुर्चीकडे बघत राहिली.

चंचळबेनला तोंडातली पत्र्याची चव आठवली, कपिलाचे दोन तांबे पाणी आठवले. गेले दोन महिने आपली जीभ खरंच बिघडली असेल का? की ही बावीस वर्षांची फेड होती? रेवाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. चंचळबेननं तरी तेव्हा कुठे काही कळू दिलं होतं? खात्री करायचा एकच मार्ग होता. उंडा हातभर अंतरावर होता, बोटभर पीठ तोडून जिभेवर ठेवायचं. तिचा हात पुढे झालाही.

रेवानं तो हात बघितला, पण अडवला नाही. "घ्या, भाभी," ती म्हणाली. "अंगठा आता मी दाबणार नाही, एवढंच."

हात तसाच मांडीवर परत आला.

"बा," कपिला चाचरत म्हणाली, "खरंच खारट आहे?"

"ती थुंकली ना?" चंचळबेन खेकसली. "मग मला काय विचारतेस? म्हशीला घाल."